एकाचे दोन

१८ नोव्हेंबर

स्कॅन, कल्याणला. सकाळची वेळ दिलेली, नंबर लागला दुपारी. नि.ने अर्धा दिवस टाकला होता, तो सगळा बाकावर बसण्यात गेला. समोर पाटी, गर्भलिंग निदान होत नाही, होणार नाही. ती इतक्यांदा वाचली की त्यातली एक वेलांटी चुकलीय हेही कळलं.

सोनोग्राफीवाल्या बाई बोलक्या होत्या. हे हृदय, हा कणा, ही बोटं. डोक्यापाशी आल्या आणि तिथेच यंत्र फिरवत राहिल्या. मी पडद्यावर मधली रेघ शोधत होते. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांमधून एक बारीक पांढरी रेघ जाते, दरवर्षी थर्ड इयरच्या पोरांना चित्रात दाखवते. दिसत नव्हती. म्हटलं अँगल चुकला असेल. बाईंनी अँगल बदलला. परत बदलला. मला कुशीवर वळायला सांगितलं.

"तुम्ही काय करता मॅडम?"

"शिकवते. झूऑलॉजी."

"मग..." म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं.

बाहेर आल्यावर नि. म्हणाला, "हातपाय आहेत ना सगळे?" आहेत. हातपाय सगळे आहेत.

१९ नोव्हेंबर

स्वच्छ लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. मेंदूचे दोन भाग झालेलेच नाहीत. आत एकच पोकळी. डोळे फार जवळ जवळ. असं मूल जगत नाही, जगलं तर काही तास, काही दिवस. डॉक्टरांनी हे तीनदा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, मला पहिल्यांदाच कळलं होतं. नि.ने रिपोर्टातला शब्द गूगलवर टाकला, फोटो आले, फोन पालथा ठेवला.

सासूबाईंना त्यानेच सांगितलं, स्वयंपाकघरात. मी आतल्या खोलीत, पण मोहने गावातल्या आमच्या घरात भिंतींना कान लावावे लागत नाहीत. "डोक्यात दोष आहे आई. राहणार नाही." बराच वेळ नळ वाहत होता. मग बंद झाला. "तिने दुपारी काही खाल्लं का?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या ठिकाणी परत स्कॅन करायचा. कशाला, माहीत नाही. पण करायचा.

२० नोव्हेंबर

सकाळी उठून बाहेर आले तर सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलेल्या. सप्टेंबरचं पान.

भाद्रपदात दोन ग्रहणं होती. पौर्णिमेचं चंद्रग्रहण पाळलं. रात्रभर मला सरळ निजवून शेजारी बसून होत्या, नखसुद्धा खाऊ दिलं नाही. मी मनात हसत होते, पण घरात शांतता असलेली बरी म्हणून पडून राहिले. पंधरा दिवसांनी अमावास्येला सूर्यग्रहण. कॅलेंडरात छापलेलं, भारतात दिसणार नाही. जे दिसत नाही ते पाळायचं नसतं. सासूबाई शास्त्राच्या पक्क्या, त्यांनी सोडलं. त्या दिवशी सर्वपित्री होती, पितरांच्या पानाला भोपळ्याची भाजी लागते. ती मी चिरली.

"मीच सुरी दिली तुझ्या हातात," म्हणाल्या. "दिसत नाही म्हणजे नसतं असं थोडंच आहे. एवढी अक्कल मला नको होती?"

मी शेजारी बसले. म्हटलं, आई, हे फार आधी ठरतं. त्या अमावास्येच्या कितीतरी आधी. पाळी चुकते न चुकते तेव्हाच. तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हेसुद्धा माहीत नव्हतं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्या नेहमीच ऐकून घेतात. मग म्हणाल्या, "माहीत व्हायच्या आधीच झालं?"

"हो."

"मग सांभाळायचं कधी?"

मी कॅलेंडर त्यांच्या मांडीवरून उचललं, नोव्हेंबरचं पान वर केलं आणि परत खिळ्याला अडकवलं.

२१ नोव्हेंबर

दुसरा स्कॅन. तेच.

दुपारी कॉलेजला गेले, डोंबिवलीला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला रजा नसते, न गेलं की तास दुसऱ्याला जातो. आणि सिलॅबसची थट्टा बघ. आजच गर्भाची घडण होती. रद्द करता आली असती, फुलपाखरं घेता आली असती. नाही केलं. हट्ट कुणाशी करत होते कोण जाणे.

शिकवलं ते असं. रांगोळी काढताना बाई आधी ठिपके मांडते, मग रेघा ओढते. गर्भात बाई नसते. ठिपकेच एकमेकांना विचारून जागा धरतात. एक जनुक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला गप्प बसवतं, तिसरं उलटून पहिल्याला आवर घालतं. ह्या सांगासांगीतून पट्टे उमटतात, बोटं सुटतात, कणा मणी-मणी होतो. डोळ्यांना सुरुवातीला एकच पट्टा असतो, अगदी मधोमध. मग खालून एक निरोप येतो, मधल्यांनी डोळा व्हायचं नाही. मधले माघार घेतात. म्हणून दोन डोळे. मेंदूचंही तसंच. मुळात सगळं एकच असतं, दोन व्हायला मधून कुणीतरी नाही म्हणावं लागतं.

तो निरोप देणाऱ्या जनुकाचं नाव हेजहॉग. मी वर्गात साळिंदर म्हणते. चूक आहे, साळिंदर वेगळं, पण पोरांना पटकन कळतं आणि ती हसतात. आजही हसली. दरवर्षी ह्या हशानंतर मी पुढचं वाक्य म्हणते, आजही म्हटलं, निरोप कमी पडला तर काय होतं. पुस्तकातला तशा गर्भाचा फोटो प्रोजेक्टरवर होता. मी पडद्याकडे पाठ करून उभी राहिले.

मागच्या बाकावरची एक मुलगी: "मॅडम, पण हे सगळं ठरवतं कोण?"

कुणीच नाही म्हटलं. साहेब नसलेलं ऑफिस आहे ते. सगळे एकमेकांना निरोप देत सुटलेले. बहुतेक वेळा काम होतं.

ओढणी पुढे घेऊन शिकवते. पोरांना अजून माहीत नाही, निदान तसं दाखवत नाहीत.

२४ नोव्हेंबर

ठाणे. जेनेटिक्सच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान, मृदू. कागदावर गोल आणि चौकोन काढत होत्या, बायका गोल, पुरुष चौकोन. माझं माहेर, नि.चं घर. कुणाची मुलं गेली? कुणाचा ओठ फाटलेला? नि.ला एक आतेबहीण आठवली, नंतर आठवलं ती सख्खी नव्हती.

मग बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जरा हसा बघू."

नि. माझ्याकडे बघायला लागला. ही काय वेळ आहे. पण हसला, फोटोवाल्यापुढे हसतात तसा.

"हा मधला दात लहानपणापासून असाच?"

"हो. आमच्या घरात लकी मानतात." आणि खरोखरचं थोडं हसला. "आईलापण आहे. आजोबांना होता. गजदंत म्हणतात आमच्यात."

सगळ्यांना वर मधोमध दोन दात असतात. नि.ला एकच आहे, रुंद, बरोब्बर मध्यावर. लग्नाला सात वर्षं झाली. मी त्याच दातावर भाळले होते, मैत्रिणींना तसं सांगितलंही होतं.

बाईंनी टॉर्च मारून पाहिलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला माहीत असेल."

माहीत आहे. पुस्तकात त्या प्रकरणाच्या शेवटी एक चौकट आहे. निरोप अर्धवट पोचला तर कधी कधी इतकंच होतं, मधल्या दोन दातांच्या जागी एक. बाकी माणूस ठणठणीत. पण त्याच्या मुलांना तो दोष जाऊ शकतो, आणि तिथे तो किती उतरेल ते सांगता येत नाही. एखाद्याला काहीच नाही, एखाद्याला दात, एखाद्याला आमच्यासारखं. चौकट परीक्षेला येत नाही. म्हणून मी दरवर्षी म्हणते, ही चौकट सोडा, पुढे चला.

रक्त घेतलं, आमच्या दोघांचं. बाळाभोवतीचं पाणी आधीच तपासणीला गेलंय. रिपोर्टला वेळ लागेल.

नंतर माजिवड्याला केतकीकडे जेवलो, नि.ची धाकटी बहीण. मे महिन्यात लग्न झालं, घर अजून नव्याचं आहे, डबे सगळे एका रंगाचे. माझ्या गळ्यात पडून रडली. "वहिनी, तू कशी गं एवढी शांत?" मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचे दात दोन आहेत, सरळ, सुंदर. त्याने काहीच सिद्ध होत नाही.

२५ नोव्हेंबर

नि. रात्री गॅलरीत. "म्हणजे माझ्यामुळे."

तुझ्यामुळे नाही, तुझ्यातून, म्हटलं. बोलल्यावर वाटलं, ह्या एका प्रत्ययाने कुणाचं काय भलं होणार.

मग म्हणाला, "आईला नको सांगूस. ती तशीच भोपळ्यावरून अर्धी झालीय. तिला कळलं की तिच्या दातातून आलंय, तर... मुक्ता, ती तो दात पाडून घेईल गं. तिचा काही भरवसा नाही."

पाडतील खरंच. मी बरं म्हटलं. गेले पाच दिवस मी सासूबाईंना सांगतेय, कुणाचा दोष नाही, कारण काही नसतं. आता कारण मिळालंय आणि ते घेऊन गप्प बसायचंय.

आणि राग आलाय. कुणावर काढू? नि.वर निघत नाही. सासूबाईंवर निघत नाही. त्यांचा तो गजदंत आज पोळी लाटताना दिसत होता, कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मी उठून आत गेले.

३० नोव्हेंबर

उद्या ॲडमिट. सगळे कागद झाले, सह्या झाल्या. मम्मीला डोंबिवलीहून येऊ नको म्हटलं, तरी येणार आहे.

बाळ हलतं. हे लिहायचं नव्हतं. हलतं, जेवल्यावर जास्त. एवढ्यासाठी पुरेसा निरोप पोचलेला आहे.

सासूबाईंनी पिशवी भरली. जुन्या मऊ सुती साडीचे तुकडे धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. कधीपासून साठवत होत्या, विचारलं नाही. बाळाच्या लंगोटांसाठीचे ते तुकडे माझ्यासमोर एकाला एक जोडून शिवले आणि मला बाळंतपणानंतर लागतील तशा मोठ्या घड्या केल्या.

४ डिसेंबर

घरी.

मुलगी होती. आता सांगायला कायद्याची हरकत नाही.

बघायचंय का विचारलं. नि. नको म्हणाला. मी पाहिली. काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. बोटं सुरेख होती.

८ डिसेंबर

दूध आलं. शरीराला कुणी कळवलंच नाही. गोळी दिलेली, तरी आलं.

सासूबाईंनी छाती घट्ट बांधली, मग शेगडी पेटवली, ओवा टाकला. मी म्हटलं, आई, हे कशाला, बाळ नाहीये. त्या म्हणाल्या, "बाळ नसलं म्हणून काय झालं, बाळंतीण आहेस ना?" अळिवाची खीर केली नाही तेवढी, तिने दूध वाढतं. बाकी सगळं केलं. पाठ शेकली, डोक्याला बांधलं, पायाला तेल.

शेक घेता घेता परत तो विषय. मी परत तेच पाठ केलेलं म्हटलं, आई, तुमचं काही चुकलेलं नाही.

त्यांचा हात थांबला. "चुकलंय असं असू दे गं," म्हणाल्या. "माझं चुकलं असलं तर पुढच्या वेळी मी नीट करीन. तू म्हणतेस तसं असलं तर मी काय करू? हात बांधून बसू?"

मी रडले. चार दिवसांत पहिल्यांदा. त्यांना वाटलं, त्यांनी दुखवलं मला.

१५ डिसेंबर

कॉलेज. माझा तास दुसऱ्या एकीकडे गेलाय. एचओडी सर म्हणाले, "पुढच्या टर्मला बघू या, तुम्ही आधी तब्येत सांभाळा." लॉकर रिकामा केला. शिडशिडीत माशांचा एक चार्ट होता, पट्टे-पट्टेवाल्या. पीएचडीत मी त्यांचे पट्टे का उमटतात ह्यावर पाच वर्षं घालवली. एका जनुकाला धक्का दिला की पट्ट्यांचे ठिपके व्हायचे. किती आनंद व्हायचा तेव्हा, चुकलेला मासा सापडला की लॅबभर सांगत सुटायचे. चार्ट तिथेच टांगलेला ठेवला.

येताना आंबिवलीहून रिक्षात बाजूची बाई, मांडीवर बाळ. माझ्याकडे बघून बाळाला म्हणाली, मावशीला टाटा कर. केला त्याने.

५ जानेवारी

रिपोर्ट.

मुलीत सापडलं. नि.मध्ये तेच सापडलं, अक्षर न अक्षर. माझ्यात नाही. साळिंदराच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं. रिपोर्ट यावा म्हणून मी महिनाभर देव पाण्यात घातले होते, तसं म्हणायला हरकत नाही. कारण हवं होतं. मिळालं. काही हललं नाही आत.

डॉक्टरीणबाई फोनवर: पुढच्या वेळी सुरुवातीलाच तपासता येईल, निम्मी शक्यता. निम्मी हा बदल मुलात उतरण्याची; उतरला तर किती, ते तेव्हाही सांगता येणार नाही. नि. तर पुढची वेळ हा शब्द ऐकूनच उठून जातो.

मग म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचं आणि नणंदेचंही करून घ्या. नणंदेचं तर नक्की. त्यांनी मुलाचा विचार करायच्या आधी."

६ जानेवारी

नि.शी भांडण. आवाज न करता, दार लावून.

मी: केतूला सांगायलाच हवं. तो: सांगू, पण तिला सांगितलं की आईला कळणारच, केतूच्या पोटात काही राहत नाही. आणि तिच्या सासरी काय म्हणतील? नवी सून, आणि घराण्यात हे. मी: ते काहीही म्हणोत. तो: पहिली संक्रांत आहे तिची, आई महिनाभर हलव्याचे दागिने करत्येय. तेवढी होऊ दे. पंधरा तारखेला मी स्वतः माजिवड्याला जाऊन सांगतो.

त्याचा चेहरा बघून मी हो म्हटलं. आठ दिवसांनी काय बिघडणार आहे. कोणी लगेच...

११ जानेवारी

घरभर साखर. सासूबाई परातीवर बसून हलव्याचा एकेक दाणा दोऱ्यात ओवतात. मंगळसूत्र, बाजूबंद, कमरपट्टा झाला. मला मुकुट करायला दिला. माझी रांग वाकडी आली, त्यांनी मुकाट्याने उसवली आणि परत करायला दिली. बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझी चूक दाखवली आणि ती दुरुस्त करता आली.

१४ जानेवारी

संक्रांत. केतू सकाळीच आली, काळी चंद्रकळा, दोघींनी मिळून तिला दागिने चढवले. आळीतल्या बायका संध्याकाळी हळदीकुंकवाला. सासूबाई तोंडभरून हसत होत्या, फोटोत सगळ्यात पुढे. नि. दारात उभा राहून बहिणीकडे बघत होता. मला खुणेनेच म्हणाला, उद्या.

मी तिळगुळाची थाळी भरायला आत गेले तर केतू मागोमाग. दार लोटलं. हलव्याचे दाणे गळत होते, ते गोळा करायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली,

"वहिनी, मला कळत नव्हतं तुला सांगू की नको. तुझं एवढं सगळं झालेलं. पण तुलाच पहिलं सांगावंसं वाटलं."

मी थाळी ओट्यावर ठेवली.

"काल टेस्ट केली. दोनदा केली."

पाळी कधीची, मी विचारलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, शेवटाकडे, म्हणाली. मनात मोजलं. मोजायला वेळ लागला नाही, हे मी झोपेतही मोजते. म्हणजे आत्ता. बाहेर बायका नावं घेतायत, आणि आत तो निरोप आत्ता निघालेला आहे, किंवा निघालेला नाही.

"तुला राग नाही ना आला?"

जवळ घेतलं तिला. दागिने चुरतील म्हणून अलगद.

"आणि कुणाला बोलू नकोस हं," माझ्या खांद्यावर म्हणाली. "दादालापण नाही, आईलापण नाही. तीन महिने होईपर्यंत सांगायचं नसतं."

मी म्हटलं, नाही सांगत.